पोस्टर कलरचे डोळे

गेलं वर्षभर मी अशा माणसांचे फोटो साफ करतोय ज्यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही. पिंपळे सौदागरला मुख्य रस्त्यावर एक इमारत आहे; खाली केकचं दुकान, त्यावर जिम आणि त्याच्या वर आमचं ऑफिस. कॅनडातून जुने फोटो स्कॅन होऊन येतात. आम्ही त्यांच्यावरचे ओरखडे, बुरशी, पाण्याचे डाग काढून परत पाठवतो. सगळे फोटो एकाच पंथाच्या कुटुंबांचे. मेनोनाइट म्हणतात त्यांना. ख्रिश्चनच, पण घरात जर्मन बोलणारे आणि काही झालं तरी हातात शस्त्र घ्यायचं नाही असं मानणारे. शंभरेक वर्षांपूर्वी ही मंडळी रशियात गव्हाची शेती करत होती. तिथं क्रांती झाली, लुटालूट झाली, दुष्काळ पडला, तेव्हा बरेच जण पेट्या बांधून कॅनडाला निघून गेले. ही माहिती आमच्या टीम लीडनं पहिल्या दिवशी दोन पानांत दिली होती. टीम लीड म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. मला 'काका' म्हणते आणि माझ्या चुका काढते.

हसायचं नाही असा या लोकांच्यात ठरावच झाला असावा. घरासमोर रांगेत उभी कुटुंबं, पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, बायकांचे काळे कपडे, गळ्याशी बांधलेले रुमाल, पुढं अनवाणी पोरं. एका फोटोत स्टेशनवर मोठ्या लाकडी पेट्या आणि त्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या. दुसऱ्यात तेच लोक कॅनडात, लाकडी घरासमोर, मागं नुसता बर्फ. मला एक वाईट खोड लागली. रशियातल्या फोटोतली पोरं मोजायची, मग त्याच घरचा कॅनडातला फोटो शोधायचा आणि पुन्हा मोजायची. कुठं एखादं कमी भरलं की माझा पाय टेबलाखाली हलायला लागायचा. टीम लीड पलीकडून म्हणायची, "काका, टेबल हलतंय." खुर्चीत स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. स्टुडिओत बरं होतं, उभं राहून काम असायचं.

स्टुडिओ म्हणजे संत तुकाराम नगरातला. मी तिथं शिकलो, पुढं तो चालवायलाही घेतला. सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आल्यावर तो बंद पडला. मग काही वर्षं चाकणला कारखान्यांच्या कॅटलॉगसाठी गिअर आणि बेअरिंगचे फोटो काढले. गिअर बरे, 'मी जाड दिसतेय' म्हणत नाहीत. तेही संपल्यावर इथं आलो.

त्या दोन पानांत एक नियम ठळक अक्षरांत होता. चेहऱ्याला हात लावायचा नाही. डाग चेहऱ्यावर असला तरी आधी विचारायचं. मी तो वाचला होता, म्हणजे वाचला नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी एक फोटो आला. बर्फात खुर्ची मांडून एक बाई बसलेली. मांडीवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी, पांढरा झगा घातलेली. बाजूला टोपी हातात घेऊन नवरा उभा. मुलीचे हात एकावर एक ठेवलेले, भोवती कागदी फुलं आणि डोळे मिटलेले. फोटो काढताना पापणी लवली असेल असं मला वाटलं, असं मी ऑफिसात नंतर सांगितलं. ते खोटं होतं. पोरगी झोपलेली नाही हे मला पहिल्या नजरेत कळलं होतं. आयुष्य गेलंय माझं त्यात.

आमच्या स्टुडिओत निम्मं काम तेच असायचं. माणूस गेला की घरचे यायचे. "फोटोच नाही हो त्यांचा," म्हणायचे आणि तिरडीवरचा शेवटचा फोटो पुढं करायचे. नाकातला कापूस आम्ही काढायचो, डोक्यावर टोपी बसवायचो, कोट चढवायचो, बाई सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठसठशीत करायचो आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचो. स्टुडिओचे मालक पिंपरी गावातले, जुन्या शेतकरी घरातले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचं म्हणणं असं, की भिंतीवरच्या माणसानं घराकडं बघितलं पाहिजे, नाहीतर तो भिंतीवर कशाला. आमच्या भागात मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणी टांगलेला मी पाहिला नाही.

तर मी त्या मुलीचे डोळे उघडले. फोटोतल्या बाईचेच डोळे उचलले, लहान केले, पोरीच्या चेहऱ्यावर बसवले, बर्फाचा उजेड बाहुल्यांत आणला. दीड तास गेला. त्या दीड तासात माझा पाय एकदाही हलला नाही. काम सुरेख झालं होतं. शंभर वर्षांनी एका आईला तिची पोर बघायला दिली, असं वाटून माझा मलाच अभिमान वाटला.

आठवड्यानं टीम लीडनं मला बोलावलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त स्क्रीन माझ्याकडं वळवली. फोटो ज्या घरचा होता तिथल्या बाईंचं पत्र आलं होतं. बाई नव्वदीच्या होत्या, त्या मुलीची धाकटी बहीण. बहीण गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, की काम फार छान झालंय, पण ही आमची बहीण नाही. तिची आजी रशियातच राहिली होती. तिनं नातीला कधी पाहिलंच नव्हतं. ती कशी गेली, शांत गेली का, हे आजीला कळावं म्हणून हा फोटो काढून एक प्रत तिकडं पाठवली होती. आई म्हणायची, डोळे मिटलेले आहेत म्हणूनच मला तो बघवतो. कृपा करून जसा होता तसा परत द्याल का?

"दिला की," टीम लीड म्हणाली. "मूळ फाइल आहेच आपल्याकडं. काका, एवढं काही नाही. पण परत नको."

मूळ फाइल होती. एक बटण दाबलं आणि पोरगी पुन्हा होती तशी झाली. मी जागेवर येऊन बसलो आणि पुढचे दोन तास एकही फोटो उघडला नाही. कारण आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे आणि त्याची मूळ फाइल कुठंच नाही.

माझे वडील बीडकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून आईला घेऊन पिंपरीला आले. इथं त्यांना पहिली मुलगी झाली. ती सव्वा वर्षाची असताना तापानं गेली. मी तिच्यानंतर चार वर्षांनी झालो. गावाहून माणसं वेळेत पोचणार नव्हती, आजीनं नात बघितलेली नव्हती, म्हणून वडिलांनी फोटोवाल्याला खोलीवर आणलं. आईच्या मांडीवर पोर, डोळे मिटलेले. दोन प्रती काढल्या. गावाकडची कधीच वाळवीनं खाल्ली. दुसरी आईच्या कपाटात साड्यांखाली असायची.

नागपंचमीला आई ती बाहेर काढायची. पंचमीला लेकी माहेरी येतात. आई ज्वारीच्या लाह्या फोडायला बसली की फोटो शेजारी पाटावर ठेवायची आणि पहिल्या मूठभर लाह्या त्याच्यासमोर ओतायची. रडायची नाही, काही बोलायचीही नाही. मला लहानपणी त्या फोटोची भीती वाटायची आणि लाह्यांचा हेवा.

स्टुडिओत लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी तो फोटो आईला न विचारता उचलला. आईला चकित करायचं होतं. ब्रशानं, पोस्टर कलरनं मी त्या फोटोतल्या बहिणीचे डोळे उघडले. कॉपी काढून त्यावर करायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण हात शिवशिवत होते. डोळे आणायचे कुठून, तर समोर आरसा ठेवला आणि माझेच बघून काढले. भाऊ-बहीण म्हटल्यावर सारखेच असणार. काचेची फ्रेम करून बाहेरच्या खोलीत टांगला. गल्लीतली झाडून सगळी माणसं बघून गेली. वडिलांनी पाठ थोपटली. आईनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लई छान केलास बाबा."

त्यानंतरच्या पंचमीला आईनं लाह्या फोडल्या, पण फोटो उतरवला नाही. पुढच्या वर्षीही नाही. कधीच नाही. मला वाटलं, पोर डोळ्यांसमोर आली, आईचं दुःख ओसरलं. तीस वर्षं मी तसंच समजत होतो. लोकांना ते सांगायचोसुद्धा.

त्या दिवशी घरी आलो, बूट न काढता दारातच उभा राहिलो. आई दिवाणावर बसली होती, नेहमीच्या जागी. फोटो तिच्या पाठीशी. टीव्ही समोर आहे म्हणून ती तशी बसते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण आमच्याकडं टीव्ही आला तो बराच नंतर. दिवाण आईनं आधीच फिरवून घेतला होता.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट भुंग्यासारखी फिरायला लागली. पोस्टर कलर कागदाच्या वर बसतो. ओल्या कापसानं तो निघू शकतो, तीस वर्षांचा असला तरी. पण त्या काळी आम्ही डोळ्यातला पांढरा भाग काढायला कधीकधी ब्लेडही वापरायचो. ब्लेडनं फोटोचा वरचा थर खरवडला की खालचा पांढरा कागद दिसतो आणि ते जे गेलं ते गेलं. मी ब्लेड लावलं होतं का? लावलं असेल तर रंगाखाली पापण्याच नसणार. आईच्या पोरीचा मिटलेला चेहरा या जगात एकाच कागदावर होता आणि तो मी पुसून टाकला होता की नुसता झाकला होता, हे मला आठवत नव्हतं.

भिंग घेऊन मी तीनदा स्टुलावर चढलो. काचेतून काही कळेना. आई म्हणाली, "जाळं लागलंय का?" मी हो म्हणालो. ऑफिसात माझ्या हातून फाइली चुकायला लागल्या. नाशिक फाट्याच्या पुलावरून जाताना एकदा वळायचं विसरलो आणि भोसरीला जाऊन परत आलो. टीम लीडनं काय झालं म्हणून विचारलं, आणि मी कधी नव्हे ते सगळं सांगून टाकलं. तिला खरंच वाईट वाटलं. म्हणाली, "काका, फोटो आणा ना. एआयनं डोळे मिटून देते, दोन मिनिटांचं काम आहे. कळणारसुद्धा नाही."

मी तिच्यावर ओरडलो. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. 'कळणारसुद्धा नाही' याच भरवशावर मीही तीस वर्षांपूर्वी ते डोळे काढले होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त "हात लावायचा नाही, हात लावायचा नाही" असं काहीतरी बरळलो. संध्याकाळी माफी मागितली. ती म्हणाली, "अहो, तुमच्या चांगल्यासाठीच म्हणत होते." ते मला माहीत होतंच. मीही तेच करत आलो होतो.

शनिवारी पिंपरी गावात अण्णांकडं गेलो. त्यांच्या गोठ्याच्या जागी आता चार मजले उभे आहेत. खाली त्यांच्या खाटेजवळ मी बसलो. अण्णांचा मोतीबिंदू काढलाय, तरी नीट दिसत नाही; मला आवाजावरून ओळखलं.

"अण्णा, दुसऱ्या वर्षी मी ब्लेड वापरायचो का?"

"तू? दोन वर्सं तुला म्या ब्लेडला शिवू दिलं न्हाई."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात अण्णा पुढं म्हणाले, "पर तू कुटं ऐकत व्हतास. माझ्या माघारी समदं करायचास. मला काय ठावं न्हाई व्हय?"

"म्हणजे लावलं असेल?"

"आसंल, नसंल. पुसून बघ. म्या काय सांगू?"

उठता उठता मी विचारलं, "अण्णा, डोळे उघडलेला फोटो कुणी कधी परत आणला होता का? नको म्हणून?"

"कोन आननार बाबा," अण्णा म्हणाले. "मेल्यालं मानूस. त्येचा फोटू परत द्याचा व्हय?"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी फोटो उतरवला. आई दिवाणावर लसूण सोलत होती. मी फ्रेम तिच्यासमोर ठेवली आणि खाली बसलो.

"आई, तुला हा फोटो आवडत नाही ना?"

"कामून?"

"सांग तर."

"चांगला हाय की. किती हौसेनं केलास."

"आवडतो का, ते विचारतोय."

आईचं लसूण सोलणं चालूच राहिलं. दोन पाकळ्या सोलून झाल्या. मग ती म्हणाली, "त्यात ती न्हाई. त्यात तू हायस."

मी फ्रेम माझ्याकडं वळवली.

"तिचे डोळे घारे व्हते. तुझ्या आजीवाणी. तुझे हायेत काळेभोर. तुला कसं ठावं असणार, तू नव्हतास तवा. पण इचारायचं तरी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुझं पहिलं काम व्हतं. समद्या गल्लीला दाखवत फिरलास. तुझा बाप तर किती खूश. काय बोलू?" तिनं हात थांबवले. "ती गेली तवा डोळे उघडेच ऱ्हायले व्हते. बाया म्हणल्या, आईनं हात लावू नये, आमी मिटतो. म्या कुणाला शिवू दिलं न्हाई. म्याच मिटले. फोटूवाला यायच्या आत. तेवढंच करायचं ऱ्हायलं व्हतं तिचं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण तिथं मला आपण अगदी मूर्ख आहोत असं वाटलं. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. रंग निघू शकेल. पण मी खाली खरवडलं असेल तर काहीच उरलेलं नसेल, आणि मग जे आहे तेही जाईल. तू म्हणशील तसं करू.

"काढ," आई म्हणाली.

मी काच काढली, फोटो सोडवला, वाटीत पाणी घेतलं, कापूस भिजवून पिळला. हाताच्या जोरावर पोट भरलं मी, पण आज तो पुढं जाईना. दोनदा कापूस फोटोजवळ नेला आणि मागं घेतला. आई उठली. मोरीत जाऊन लसणाचे हात साबणानं दोनदा धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातून कापूस घेतला.

"सरक."

"दाबू नको आई. हलक्या हातानं, एकाच बाजूला."

"मव्ह्या लेकराला हात कसा लावायचा ते तू सांगतोस व्हय?"

ती वाकली आणि कापूस वरून खाली फिरवला. आधी काळा रंग सुटला, मग पांढरा. उजव्या डोळ्याच्या जागी पापणी वर आली, बारीक केसांसकट, जशीच्या तशी. आईनं कापूस बदलला. डावा डोळा पुसला. तिथंही पापणी होती, पण तिच्यावर आडवा, बारीकसा पांढरा ओरखडा होता. ब्लेड मी लावलं होतं. पोर मिटल्या डोळ्यांनी आईच्या मांडीवर होती आणि तिच्या डाव्या पापणीवर माझी खूण होती, आता कधीच न निघणारी.

आईनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. अंगठा ओरखड्याजवळ नेला, पण टेकवला नाही.

"लागलंय तिला," ती म्हणाली, आणि त्या ओल्या पापणीवर हळूच फुंकर घातली.

मला माफी मागायची होती. पण तिला माझ्याकडं बघायला सवड नव्हती.